आंब्याच्या कोयीतला गर, जीवाणू आणि लोह : प्रकल्प नोंदी

9 मे

विषय आज मंजूर झाला. आंब्याच्या कोयीतल्या गराचा जीवाणूंवर काय परिणाम होतो, ते बघायचं. मी अर्जात "कोयीचे औषधी गुण सिद्ध करणे" असं लिहिलं होतं. प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमनी तेवढ्या शब्दांखाली रेघ मारली. "सिद्ध करायला निघालीस की तेच दिसायला लागतं. काय होतंय ते बघ." उद्देशाचं वाक्य बदलून दिलं.

कोयच का, हे इथे नोंदवून ठेवते. आमच्याकडे पोट बिघडलं की आजी वाळवलेली कोय सहाणेवर उगाळून ताकातून द्यायची. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावांतून अजूनही देतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौथ्या अध्यायात प्रत्येकी दहा द्रव्यांचे पन्नास गट आहेत. त्यातल्या मळ बांधणाऱ्या गटात, म्हणजे पुरीषसंग्रहणीय गटात, आम्रास्थि आहे. सोबत लोध्र, मोचरस, धायटीची फुलं. ही सगळी चवीला तुरट. तुरटपणा म्हणजे टॅनिन, आणि टॅनिनवर प्रयोगशाळेत काम करता येतं.

दुसरं कारण साधं आहे. मे महिन्यात कोल्हापुरात कोयींना तोटा नाही. आमरसाच्या ताटांमागे पोत्यांनी कोयी कचऱ्यात जातात.

13 मे

एका डायनिंग हॉलच्या मालकांनी परवानगी दिली. रोज दुपारी रस काढून झाला की कोयी वेगळ्या बादलीत ठेवतात. अडचण अशी, की त्यात हापूस, पायरी, केशर सगळं एकत्र असतं. जात माहीत नसलेला नमुना घेऊन काही अर्थ नाही. म्हणून त्यांच्याकडून फक्त हापूसच्या दिवसाच्या कोयी घेतल्या, आणि प्रयोगशाळेतल्या मामांनी त्यांच्या शेताच्या बांधावरच्या रायवळ झाडाच्या आणून दिल्या. त्या झाडाची पानं आणि मोहोराचा देठ वनस्पतिशास्त्र विभागात दाखवून ओळख लिहून घेतली: मॅंजिफेरा इंडिका, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातलं. बिब्ब्याच्या कुळातलं म्हटल्यावर हातमोजे घातले. आंब्याच्या चिकाने काहींची कातडी उठते.

15 मे

कोयी फोडण्यात दिवस गेला, पण आजच्यासारखं शिकायला मिळालेला दिवस अजून आला नव्हता.

धुतलेली कोय दोन दिवस उन्हात टाकली की कवचाची कड किंचित उकलते. त्या फटीत सुरीचं टोक घालून पिळायचं. कवच निघालं की आत कागदासारखी तपकिरी साल, आणि सालीच्या आत मूत्रपिंडाच्या आकाराचा पांढरट गर. रायवळच्या काही कोयींत गराच्या जागी काळा भुसा होता आणि त्यात काळपट भुंगा जिवंत बसलेला. हा कोयीतला भुंगा. फळाला बाहेरून भोक दिसत नाही, कारण मादी फळ कोवळं असतानाच सालीवर अंडं घालते आणि अळी आत शिरल्यावर फळाचा मगज वाढून वाट बुजते. अमेरिकेने 2007 मध्ये भारतीय आंब्याला दार उघडलं तेव्हा 400 ग्रे किरणनाची, म्हणजे फळावर ठरलेल्या मात्रेत किरणं सोडण्याची, अट घातली, ती याच्यासारख्या किडींसाठी. भुंगा लागलेल्या कोयी वेगळ्या पिशवीत बांधून टाकल्या.

काप करायला घरी विळीवर बसले. चार-पाच कोयींतच पातं निळसर काळं झालं. बोटांची टोकंही. साबणाने निघेना. आजी बघत होती. म्हणाली, "तुरट काय बी चिर, विळी काळी हुतीयाच. कैरीचं न्हाई का हुत?" स्टीलच्या सुरीने दुसरी रास कापली. ते काप पांढरेच राहिले, हवेने नंतर जरा तपकिरी झाले तेवढंच.

विळीचं पातं लोखंडी. म्हणजे गरातलं काहीतरी लोखंडातलं लोह धरतंय आणि काळं होतंय. विळीवरचे काप नमुन्यातून बाजूला काढले, कारण त्यात लोह गेलेलं असणार. पण ही गोष्ट डोक्यातून जात नाही.

18 मे

वळवाचा पाऊस. गच्चीवर काही वाळवणं शक्य नाही. ट्रे ड्रायरमध्ये 45 अंशांवर ठेवलं.

मुद्दाम एक ताटली काप खोलीतच झाकून ठेवली होती. तिच्यावर हिरवट पिवळी बुरशी आली आहे. स्लाइडवर बघितलं तर डोकं गोल आणि बीजाणूंच्या माळा, म्हणजे ॲस्परजिलसच. प्रजाती खात्रीने सांगता येणार नाही, पण या गटातल्या फ्लेव्हससारख्या बुरशा अफ्लाटॉक्सिन तयार करतात आणि ते उकळल्याने जात नाही. 2001 मध्ये ओडिशाच्या रायगडा जिल्ह्यात काशीपूरला आदिवासी माणसं दगावली, ती घरात धान्य नसताना बुरशी आलेल्या कोयींची आंबील पिऊन. अन्न नसलेल्या घरात कोय हे शेवटचं अन्न असतं. "नैसर्गिक आहे, काही होत नाही" हे वाक्य मी या प्रकल्पाच्या अहवालात कुठेही येऊ देणार नाही.

24 मे

गर कोरडा झाला. मिक्सरमध्ये दळून चाळला. दोन्ही जातींच्या वेगळ्या बरण्या, घट्ट झाकण, आत सिलिका जेलची पुडी.

सॉक्सलेटमध्ये (द्रावक पुन्हापुन्हा फिरवणाऱ्या उपकरणात) हेक्झेन या द्रावकाने आधी तेल काढलं, म्हणजे पुढे अर्कात मधे येणार नाही. हेक्झेन उडवून झाल्यावर तळाशी फिकट पिवळं तेल राहिलं, आणि खोली गार झाल्यावर ते थिजलं. कोकमतेलासारखंच. कोरड्या गरात ते साधारण दहा टक्के असतं, आणि त्यात स्टिअरिक आणि ओलेइक आम्ल मुख्य. युरोपीय संघाने चॉकलेटमध्ये कोको बटरच्या जोडीला पाच टक्क्यांपर्यंत ज्या सहा वनस्पतिजन्य चरब्या चालवून घेतल्या आहेत, त्यांत आंब्याच्या कोयीची आहे आणि आपल्या कोकमाचीही. आपण फेकतो त्या कोयीला बाजार आहे, हे कोल्हापूरच्या एखाद्या रस काढणाऱ्याने मनावर घ्यावं. माझा विषय तो नाही. तेलाची बाटली लेबल लावून ठेवली.

28 मे

साध्या परीक्षा.

आयोडीन: गर्द निळं. गराचा निम्म्याहून जास्त भाग पिष्टच असतो, त्यामुळे अपेक्षित.

जिलेटिन: अर्काचा थेंब पडताच पांढरा साका. म्हणजे टॅनिन प्रथिनांना धरतंय. जिभेला तुरट लागतं ते याच कारणाने, लाळेतली प्रथिनं धरली जातात आणि तोंड कोरडं वाटतं. आतड्याच्या अस्तरावरही असंच होत असेल तर स्राव कमी होण्याचं एक कारण तिथे मिळतं.

फेरिक क्लोराइड: अर्क जवळजवळ बिनरंगी होता. एकच थेंब सोडला. थेंब पडला तिथून निळा-काळा धागा खाली उतरत गेला आणि नळी हलवायच्या आत सगळं काळं. हिरवट झाक असती तर टॅनिन दुसऱ्या प्रकारचं म्हटलं असतं. निळं-काळं म्हणजे गॅलिक आम्लाची टॅनिनं. कोयीत ती गॅलोटॅनिनच्या रूपात असतात: मधे ग्लुकोजचा रेणू आणि त्याला चिकटलेले गॅलिक आम्लाचे पाच किंवा जास्त गट. जुन्या काळी मायफळ (टॅनिनने भरलेलं) आणि हिराकस (लोहाचा क्षार) एकत्र करून शाई करत, ती हीच क्रिया.

विळीचं पातं आणि ही नळी एकच आहे.

4 जून

दोन अर्क केले. एक 70 टक्के इथेनॉलमधला, कारण त्यात गॅलोटॅनिन चांगलं उतरतं. दुसरा नुसत्या पाण्यातला, कारण घरात कोय पाण्यात किंवा ताकातच उगाळली जाते आणि घरात जे देत नाहीत त्यावरच सगळा प्रयोग करणं मला पटत नाही. इथेनॉल रोटरी बाष्पकावर 40 अंशांना पूर्ण उडवलं.

दोन्ही अर्क आम्लधर्मी निघाले. आम्लानेही जीवाणू थांबतात, तेव्हा प्रत्येक अर्काचा एक भाग सोडा टाकून पीएच सातवर आणून वेगळा ठेवला. पुष्कळ प्रबंधांत ही तुलना दिसत नाही. ती असायलाच हवी.

11 जून

पहिल्या प्लेट्स. जीवाणू पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संग्रहातून विभागाने आणलेले: स्टॅफिलोकॉकस ऑरियस, बॅसिलस सबटिलिस, ई. कोलाय. म्युलर-हिंटन आगर (जीवाणू वाढवायचं थिजवलेलं खाद्य), जीवाणूंच्या द्रवाचा 0.5 मॅकफार्लंड या ठरलेल्या मापाइतका गढूळपणा, आगरमध्ये पाडलेल्या 8 मिमीच्या विहिरी. एका विहिरीत अर्क, एकीत पीएच सातचा अर्क, एकीत नुसतं पाणी, एकीत तुलनेसाठी अँपिसिलिन हे प्रतिजैविक. सिप्रोफ्लोक्सासिन मुद्दाम टाळलं. ते स्वतःच लोहाला चिकटतं, आणि मला पुढे लोहाचा प्रयोग करायचा आहे.

पटकीचा किंवा हगवणीचा जीवाणू आमच्या प्रयोगशाळेत हाताळायची सोय नाही, म्हणून घेतला नाही. अहवालात "हगवणीवर गुणकारी" असं लिहिता येणार नाही, हे आत्ताच नक्की.

12 जून

37 अंशांवर रात्रभर ठेवलेल्या प्लेट्स उघडल्या. स्टॅफवर स्वच्छ, कडा धारदार असलेला झोन, म्हणजे विहिरीभोवती जीवाणू न वाढलेलं वर्तुळ. बॅसिलसवरही. ई. कोलायवर इथेनॉलच्या अर्काचा जेमतेम, पाण्याच्या अर्काचा नाहीच. पीएच सातवर आणलेल्या अर्काचे झोन थोडेच आक्रसले. म्हणजे काम आम्लाचं नाही. हापूस आणि रायवळ यांत डोळ्याला दिसेल असा फरक नाही.

ई. कोलायच्या बाहेरच्या पटलातून मोठे रेणू सहज आत जात नाहीत, हे पुस्तकातलं कारण. पण माझं लक्ष पुन्हा लोहाकडे जातं. बहुतेक जीवाणूंना वाढायला लोह लागतं. ई. कोलाय तर एंटेरोबॅक्टिन नावाचं रसायन बाहेर सोडून आजूबाजूचं लोह ओढून घेतो आणि त्याची पकड फार जबर असते. आगरमधलं लोह गॅलोटॅनिनने आधीच धरून ठेवलं, तर ज्याला ते सोडवून घेता येईल तो वाढेल, बाकीचे उपाशी राहतील. मग आगरमध्ये जास्तीचं लोह घातलं तर झोन लहान व्हायला हवा. हे तपासता येण्यासारखं आहे.

16 जून

मॅडमशी बोलले. त्यांनी 2011 चा एक शोधनिबंध काढून दिला, कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचा. कोयीतल्या गॅलोटॅनिनवर त्यांनी हेच तपासलं आहे, लोह घातल्यावर परिणाम उतरतो असं दाखवलं आहे. क्षणभर वाटलं, आता करण्यासारखं काय उरलं? मॅडम म्हणाल्या, "त्यांनी शुद्ध केलेलं रसायन घेतलं. तू आजीची कोय घेतली आहेस, पाण्यातली. ते कर."

23 जून

आगरच्या तीन तऱ्हा ओतल्या. नेहमीचं, थोडं फेरिक अमोनियम सायट्रेट (लोहाचा क्षार) घातलेलं, आणि जास्त घातलेलं. बाहेर संततधार, इन्क्युबेटरच्या खोलीत दमट वास. वीज दुपारी तासभर गेली होती, पण इन्व्हर्टरवर तापमान टिकलं. तापमापकाचे आकडे वहीत आहेत.

24 जून

प्लेट्स उघडायच्या आधीच दिसत होतं. लोह घातलेल्या आगरमध्ये प्रत्येक अर्काच्या विहिरीभोवती निळसर काळं कडं. टॅनिन जिथवर पसरलं तिथवर. नेहमीच्या आगरमध्ये ते नाही.

आणि झोन? स्टॅफवर नेहमीच्या आगरमध्ये विहिरीसकट 19 मिमी, थोड्या लोहावर 14, जास्त लोहावर विहिरीच्या कडेला जेमतेम साफ जागा. बॅसिलसवरही तोच उतार. अँपिसिलिनचे झोन तिन्ही आगरमध्ये सारखेच, तेव्हा लोहाने जीवाणू एकूणच दणकट झाले असं म्हणता येत नाही. लोहाने फक्त कोयीचं काम मोडलं.

मामांना बोलावून प्लेट दाखवली. त्यांनी उजेडात धरून बघितली. "म्हंजे ही काळी रेघ हाय तिथनं पुढं औषध संपलं?" जवळजवळ तसंच. काळं कडं म्हणजे लोहाने आधीच अडकवलेलं टॅनिन. मी इतके दिवस वहीत जे लांबलचक लिहिलं होतं, ते त्यांनी एका वाक्यात विचारलं.

एक पळवाट उरते. लोहाला धरलेलं टॅनिन प्रथिनांना धरायला मोकळं राहत नाही, म्हणजे मारणारी क्रिया प्रथिनांवरची असूनही लोहाने ती मोडली असेल. या प्लेट्सवरून दोन्ही वेगळे करता येत नाहीत. अहवालात तसंच लिहिणार.

30 जून

ताकाचा प्रश्न. कोय ताकातून देतात, तर ताकातले जीवाणू कोयीने मरतात का?

घरच्या दह्यातून एमआरएस आगरवर (या जीवाणूंसाठीचं खास खाद्य) लॅक्टिक जीवाणू, म्हणजे दूध आंबवणारे, वेगळे केले. त्यांच्यावर पाण्याच्या अर्काचा झोन नाही. इथेनॉलच्या दाट अर्काचाही धूसर, नाहीसाच म्हणावा असा. लॅक्टोबॅसिलससारख्या जीवाणूंचं लोहावाचून फारसं अडत नाही, ही जुनी माहिती आहे. म्हणून लोह अडवणाऱ्याने त्यांचं बिघडत नाही. स्टॅफ थांबतो, ताकातला जीवाणू चालतो. आजीला सांगितलं. ती म्हणाली, "मग ताकातनंच का दिली असती गं?" तिच्यासाठी यात नवल काही नव्हतंच.

पेट्री प्लेटमधून आतड्याबद्दल एवढं मोठं विधान करता येत नाही. तरी ही प्लेट मी जपून ठेवली आहे, फोटोही काढले आहेत.

5 जुलै

आमच्या वस्तीतल्या आशाताईंना भेटले. विषय पावसाळ्यातल्या जुलाबांचा होता, बोलणं दुसरीकडेच गेलं.

जुलाबांबद्दल त्या ठाम आहेत. "कोय द्या, न्हाईतर देऊ नका, पण ओआरएस आधी." बरोबरच आहे. जुलाबात जीव जातो तो शरीरातलं पाणी आणि क्षार गेल्याने. 2002 पासूनच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटरला ग्लुकोज 13.5 ग्रॅम, मीठ 2.6 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 1.5 ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम असतं. लहान मुलाला सोबत जस्ताची गोळी. मळ बांधला म्हणून गेलेलं पाणी परत येत नाही. मूल मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी थांबली, मळात रक्त आलं, की दवाखाना.

मग त्यांनी पिशवीतून लोहाच्या गोळ्यांची पट्टी काढली. गरोदर बायकांना रोज एक लाल गोळी, 60 मिलीग्रॅम लोहाची. शाळेतल्या मुलींना आठवड्याला एक निळी. "चहाबरोबर घेऊ नका असं सांगून सांगून घसा बसला," म्हणाल्या. चहातलं टॅनिन पोटातच लोह धरतं आणि ते रक्तात उतरत नाही, म्हणून हे सांगावं लागतं.

मला माझ्या प्लेटवरचं काळं कडं दिसलं.

कोयीचं चूर्ण आता वजन आणि साखर कमी करायचं म्हणून रोज चमचाभर घ्यायला सांगितलं जातं. बाजारात एक डबा बघितला, त्यावर "दररोज, कायम" लिहिलेलं होतं आणि लोहाच्या गोळ्यांबद्दल एक अक्षर नव्हतं. आजीची कोय दोन दिवस पोट दुरुस्त होईपर्यंतची होती. तीच कोय आधीच रक्त कमी असलेल्या बाईने रोज, तेही गोळीच्या वेळेला घेतली, तर प्लेटवर टॅनिनने जसं लोह धरलं तसंच तिच्या गोळीतलंही धरलं जाणार. मी माणसावर काही तपासलेलं नाही. पण टॅनिन आणि गोळीतलं लोह यांचं नातं नवीन नाही, आणि कोयीत ते टॅनिन भरपूर आहे हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

आशाताईंनी विचारलं, बायकांना काय सांगू? म्हटलं, एवढं नक्की सांगा: गोळी चालू असेल तर कोयीचं चूर्ण रोज नको, आणि घ्यायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून, गोळीपासून लांब. त्यांनी डायरीत चहाच्या खाली "कोय" लिहून घेतलं.

11 जुलै

अहवालाचा आराखडा मॅडमना दिला. निष्कर्षांत लोहाचा भाग पहिला घेतला आहे, झोनचे तक्ते नंतर. पोस्टरवर काळ्या कड्याचा फोटो मोठा लावायचं ठरलं.

राहिलेली कामं: पाण्याच्या अर्कातलं एकूण फिनॉल (टॅनिन ज्यात येतं तो रसायनांचा गट) फोलिन पद्धतीने मोजायचं, 765 नॅनोमीटरवर, गॅलिक आम्लाच्या प्रमाणाशी लावून. बाजारातल्या चूर्णाचे दोन-तीन नमुने आणून त्यांवर फेरिक क्लोराइड आणि बुरशीची तपासणी. अफ्लाटॉक्सिनची सोय आमच्याकडे नाही, नमुने बाहेर पाठवावे लागतील, त्याच्या खर्चाचा अर्ज उद्या विभागप्रमुखांकडे.